गॅपचं कारण: घरगुती अडचण

परवा आमच्या सेंटरमधून बाहेर पडलेल्या एका पोराचा फोन आला. दारू सोडून सव्वा वर्ष झालंय त्याला, म्हणाला दादा मलाही काउन्सेलर व्हायचंय, काय काय करावं लागतं ते सांगा. मी अभ्यासाचं सांगायला बसलो आणि दोन मिनिटांत गॅप सर्टिफिकेटवर (शिक्षणात खंड का पडला ते लिहून द्यायचा कागद) घसरलो, आवाजच चढला माझा, तो बिचारा म्हणतोय दादा नंतर करू का फोन. माझ्या ॲडमिशनची, 2022 ची गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी एक, ‘व्यसनमुक्ती समुपदेशन’ अशी पाटी लावलेली डिग्री शोधत बसू नका. आपल्याकडे या कामात येणारे बहुतेक जण एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स डिग्री) करून त्यात मेडिकल अँड सायकियाट्रिक हा विषय घेतात, नाहीतर एमए सायकॉलॉजी करतात. मी एमएसडब्ल्यू केलं. आणि कुणी सांगेल की घरबसल्या डिस्टन्सने सायकॉलॉजी करून टाक, तर 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या बॅचपासून यूजीसीने सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईनला बंद केलंय, त्यामुळे पैसे भरायच्या आधी नीट चौकशी करा.

माझं बीकॉम 2009 चं, तेही दोन विषय राहून राहून सुटलेलं. त्यानंतर प्यायलो. आठ वर्षं. मध्ये नोकऱ्या केल्या, घालवल्या, एकदा ॲडमिट झालो, बाहेर आल्यावर अकराव्या दिवशी परत प्यायलो, दुसऱ्यांदा 2017 ला गणपतीच्या आधी ॲडमिट झालो आणि तेव्हापासून नाही. मग त्याच सेंटरला केअरटेकर म्हणून राहिलो, नाईट ड्युटी, डिटॉक्सचा वॉर्ड. पाच वर्षं. पेशंट माझ्याशी जेवढं बोलायचे तेवढं डिग्रीवाल्या मॅडमशी बोलायचे नाहीत, पण फाईलवर सही मॅडमचीच चालायची. तिथनं डोक्यात आलं की आपण पण कागद मिळवायचा. सदतिसाव्या वर्षी.

एन्ट्रन्स झाली, इंटरव्ह्यू झाला, यादीत नाव आलं. ॲडमिशनची मुदत सोमवारपर्यंत होती आणि मी गुरुवारी सकाळी सगळी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून कॉलेजच्या ऑफिसात गेलो. कॉलेजचं नाव घेत नाही, शिक्षक चांगले होते. ऑफिस म्हणजे ऑफिस. खिडकीतल्या मॅडमनी मार्कशीट बघितली, बोटांवर मोजलं, म्हणाल्या तेरा वर्षं गॅप, गॅपचं ॲफिडेव्हिट कुठाय? मी साध्या कागदावर अर्ज लिहून नेला होता. चालत नाही. शंभरच्या स्टँपवर नोटरी करून आणा.

कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाल्या ताई बसतात, त्यांच्याकडे सगळं तयार असतं, नाव आणि साल बदलायचं फक्त. त्यांनी टाईप करायला घेतलं, ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सन 2009 ते 2022 या कालावधीत घरगुती अडचणीमुळे माझ्या शिक्षणात खंड पडला असून...’ मी म्हणलं ताई थांबा, घरगुती अडचण नव्हती. त्या म्हणाल्या मग काय होतं? मी म्हणलं दारू. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, म्हणाल्या दादा, सगळे हेच टाकतात, कोण वाचतंय तिथं?

आता माझं म्हणणं असं होतं की वर ‘सत्यप्रतिज्ञेवर’ लिहिलंय. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना धरून राहणारा गट) मीटिंगला पाच वर्षं जात होतो, खोटं बोलायचं नाही हेच तर तिथे शिकलो, दारूपेक्षा खोटं बोलणं सोडायला जास्त दिवस लागतात हे कुठल्याही सोबर माणसाला विचारा. आणि शिकायला काय चाललोय, तर हेच. म्हणून हट्टाने टाईप करून घेतलं, ‘मद्यपानाच्या आजारामुळे व त्यावरील उपचारांमुळे’. नोटरीने चष्मा वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, शिक्का मारला. स्टँप, टायपिंग, नोटरी धरून साडेतीनशे गेले. (आता शंभरचा स्टँप बंद झालाय, ऑक्टोबर 2024 पासून पाचशे. जात-उत्पन्न-रहिवासी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना नंतर माफी दिली सरकारने, पण कॉलेजचं ऑफिस काय मागेल ते आधी विचारा आणि शक्यतो लिहून घ्या.)

शुक्रवारी परत खिडकीवर. मॅडमनी वाचलं. खरंच वाचलं, ताईंचा अंदाज चुकला. परत वाचलं, मग आतल्या साहेबांकडे घेऊन गेल्या, मी बाहेर वीस मिनिटं उभा. साहेब बाहेर आले, हातात माझा कागद, आणि रांगेत मागे सहा-सात पोरंपोरी उभी असताना विचारतात, तुम्हीच का ते? काय बोलणार. हो म्हणलं. म्हणाले असं कारण आम्ही रेकॉर्डला घेऊ शकत नाही, घ्यायचं तर सिव्हिलचं फिटनेस सर्टिफिकेट जोडा, आता व्यसन नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे.

शनिवारी सिव्हिल. केसपेपर काढला, दोन तास रांग. डॉक्टर तरुण होते, बीपी बघितला, 130-84, म्हणाले कशासाठी फिट पाहिजे? शिकण्यासाठी. त्यांनी लिहिलं फिट. मी म्हणलं सर, व्यसन नाही असं पण लिहा. ते हसले, म्हणाले आज तुम्ही प्यायलेले नाही एवढं मी लिहू शकतो, उद्याचं मी माझ्याबद्दलसुद्धा लिहून देणार नाही. मला राग यायला पाहिजे होता पण आला नाही, कारण मीटिंगमध्ये आम्ही वेगळं काय म्हणतो, फक्त आजचा दिवस.

शनिवारी ऑफिस दीडला बंद. मी एक पाचला पोचलो. साहेबांनी सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघितलं, यात उल्लेख नाही म्हणाले. मी म्हणलं सर, ज्या कोर्सला मी ॲडमिशन घेतोय त्यात हाच आजार शिकवणार ना? आयसीडी-10 मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, त्याला एफ 10.2 असा नंबर आहे, डायबेटिस असता तर तुम्ही असं सर्टिफिकेट मागितलं असतं का? हे बोलायला नको होतं, शहाणपणा केला. साहेबांचा चेहरा बंद. सोमवारी या म्हणाले, आणि मग जाता जाता हळूच, कारण बदलून आणा ना, कशाला वाढवताय.

रविवारभर मी घरात फेऱ्या मारत होतो. आई म्हणाली लिही की घरगुती अडचण, मी घरातच होते ना, मला अडचण नव्हती का? यावर मला उत्तर सुचलं नाही. स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या माझ्या मार्गदर्शकाला, फोन केला, त्याला वाटलं रिलॅप्स झाला. सगळं ऐकून म्हणाला, प्यायलास का? नाही ना? मग झोप.

सोमवारी सकाळी दहाला झाडाखाली. ताई काही बोलल्या नाहीत, जुनी फाईल उघडली, दोन शब्द बदलले. दहा मिनिटं. परत साडेतीनशे. साडेअकराला ॲडमिशन झालं, मॅडमनी नवा कागद वाचलासुद्धा नाही.

तर अशी माझी समुपदेशनाच्या शिक्षणाची सुरुवात खोट्या शपथेने झाली. कुणी म्हणेल किती ताणतोस. ताणतो.

बाकी दोन वर्षं पटापट गेली. आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क असतं, त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं असतं, ते रोजच्या रोज लिहा, मी साठवून एका रात्रीत लिहायचो आणि सुपरवायझर मॅडम ओळखायच्या. पहिल्या वर्षी व्यसनमुक्तीचंच प्लेसमेंट मिळेल असं समजू नका, मला नगरपालिकेची शाळा मिळाली. पुस्तकात भेटणाऱ्या गोष्टी मात्र गमतीशीर, केजचे चार प्रश्न, ऑडिटचे दहा प्रश्न (दारूचं व्यसन ओळखायच्या प्रश्नावल्या), हे सगळं मला पेशंट म्हणून आधी विचारलेलं होतं आणि मी प्रत्येकाला धडधडीत खोटी उत्तरं दिलेली, आता तेच प्रश्न मार्कांसाठी पाठ करायचे. अवघड गेलं ते मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे उपदेश न करता समोरच्याला बोलतं करून बदलायचं कारण त्याच्याच तोंडून काढायचं. मला सवय लेक्चर झोडायची, बघ माझ्याकडे, मी सोडली, तू पण सोड. मॅडम म्हणायच्या तुम्ही गप्प बसायला शिका, तुमची गोष्ट तुमच्या खिशात ठेवा. सोबर माणसाने शिकायला जाताना हे लक्षात ठेवा, आपला अनुभव म्हणजे सिलॅबस नाही. एम्सच्या 2019 च्या सर्वेक्षणात देशात दारू पिणारे 16 कोटी निघाले, त्यातला मी एकच.

दुसऱ्या वर्षी सायकियाट्रीच्या वॉर्डात एक एसटीचा कंडक्टर होता. त्याच्या बायकोने पिशवीतून रजेच्या अर्जांच्या झेरॉक्सचा गठ्ठा काढला, नवऱ्याच्या नावाने तीच लिहायची, सहा वर्षांचे अर्ज. प्रत्येकावर कारण एकच, घरगुती अडचण. मी तो गठ्ठा हातात घेऊन बराच वेळ नुसता बसलो. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगला मला चांगले मार्क पडले.

पास झाल्यावर एका सेंटरचा नोकरीचा फॉर्म भरला, त्यातही रकाना होताच, शिक्षणातील खंड व कारण, दोन बोटं जागा. मी पहिल्या ॲफिडेव्हिटची झेरॉक्स जोडली. मुलाखतीत डॉक्टरांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, दारू बंद होऊन तिसरा दिवस आहे, रात्री तीन वाजता पेशंट अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकायला लागला तर काय कराल? मी सांगितलं, पहिला फोन डॉक्टरला, त्याला एकट्याला सोडायचं नाही, बांधायची घाई करायची नाही, दिवा चालू ठेवायचा. वाचून नाही सांगितलं. पुढच्या एक तारखेपासून कामाला लागलो.

आणि हो, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटला (जुन्या विद्यापीठाचा सोडल्याचा दाखला) आधी अर्ज टाका, मला दीड महिना लागला होता. त्याचं ओरिजिनल परत देत नाहीत, आधीच दोन झेरॉक्स काढून ठेवा.