आठ महिने फंगसची गोळी, आणि पायात फंगसच नाही

आमच्या लॅबमध्ये पस कल्चर म्हणून, म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघायला, जे येतं त्यात बऱ्याचदा सुकून गेलेला स्वॉब (कापूस लावलेली काडी) असतो आणि फॉर्मवर नाव-वय सोडून काही नसतं, हे आधीच बोलून घेतो. त्या दिवशी शिरोळकडचे एक मामा स्वतःच लंगडत लॅबला आले म्हणून बरं झालं. ऊसवाले शेतकरी. पाऊल सुजून टणक, चार-पाच तोंडं पडलेली, त्यातनं पाणी. दुखत नाही म्हणाले, म्हणून तर एवढी वर्षं अंगावर काढलं. फाईल बघितली तर आठ महिने इट्राकोनॅझोल, म्हणजे फंगसची गोळी, चालू, सगळा खर्च ऊसाच्या बिलातनं, आणि त्याच्या मुळाशी दुसऱ्या एका लॅबचा एका ओळीचा रिपोर्ट: केओएचमध्ये (धागे उघडे दिसावेत म्हणून घालायचं द्रावण) फंगल फिलामेंट्स, म्हणजे बुरशीचे धागे. फंगल कल्चर, नो ग्रोथ.

असल्या पायातनं स्वॉबनं काही हाती लागत नाही, दाणे, म्हणजे जंतूंचे बारीक गोळे, काढायला लागतात. तोंडांवर सलाइनचा ओला गॉज बांधून दिला, मामा रात्री इथंच पाहुण्यांकडं राहिले आणि सकाळी गॉज सोडला तर त्यावर पांढरट-पिवळे दाणे, मिलिमीटरभर पण नाहीत. धुऊन दोन स्लाइडमध्ये दाबले तर लगेच चुरा. काळे कडक असते तर मी पण फंगसच धरून चाललो असतो.

ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची पद्धत, केला, ऑइल टाकून शंभरच्या लेन्सखाली घातलं आणि जांभळे धागे, फांद्या फुटलेले, तुटक तुटक रंगलेले. आणि एवढे बारीक! फंगसचा धागा दोन-तीन मायक्रॉन तरी असतोच, हा एक मायक्रॉनच्या आत. चाळीसच्या लेन्सवर केओएचमध्ये ह्याला फंगस म्हणावंसं वाटतं हे मान्य, पण मग एक ग्रॅम करून बघा की राव, पाच मिनिटांचं काम, १८८४ पासून जगाला माहीत असलेलं.

मग झेडएन, म्हणजे टीबीचे जंतू ओळखायचा स्टेन: रंग देऊन ॲसिडनं धुवायचं आणि रंग टिकतो का बघायचं. टीबीला आम्ही वीस टक्के सल्फ्युरिक ॲसिड वापरतो, ते घातलं तर हा गडी रंग सोडून देतो आणि निगेटिव्ह लिहून मोकळं व्हायची पाळी येते. म्हणून एक टक्क्याचं ताजं बनवलं, आणि गुलाबी धागे टिकले! ह्याच्या पेशीच्या वॉलमध्ये मायकोलिक ॲसिड (मेणासारखा पदार्थ) असतं पण टीबीच्या जंतूपेक्षा आखूड साखळीचं, त्यामुळं सौम्य ॲसिडच सोसतं. आमच्या लॅबच्या मॅडमना बोलावलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, नोकार्डिया दिसतोय. म्हणजे बॅक्टेरिया.

दाणे वाढायला घातलेल्या प्लेटा तीन आठवडे ठेवायच्या असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नाहीतर आमच्यात ४८ तासांनी टाकून द्यायची सवय. आठवड्याभरात खडूसारख्या कोरड्या कॉलनी आल्या, प्लेटमधल्या अगारला (जेलीला) घट्ट चिकटलेल्या, झाकण जरा उचललं की ओल्या मातीचा वास. जुन्या रिपोर्टमधल्या नो ग्रोथचं मला नवल वाटत नाही. फंगससाठीच्या मीडियात (वाढवायच्या खाद्यात) बहुतेक वेळा क्लोरॅम्फेनिकॉल असतं, बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणूनच घातलेलं, मग वाढणार काय कपाळ.

डोक्यातनं जात नाही ते हे, की इट्राकोनॅझोल फंगसला एर्गोस्टेरॉल (त्याच्या पेशीच्या पडद्यातला पदार्थ) बनवू देत नाही, आणि नोकार्डियाच्या पेशीत एर्गोस्टेरॉलच नाही, न्यूक्लियस नाही, वॉल बॅक्टेरियाची असते तशी पेप्टिडोग्लायकॅनची. गोळी जिथं लागायची ती जागाच तिथं नव्हती. प्रोकॅरिऑट-युकॅरिऑट (न्यूक्लियस नसलेली आणि असलेली पेशी) फरकाचे दोन रकाने बीएस्सीला आम्ही सगळ्यांनी पाठ केलेत, मार्कांपुरते.

तसा हा घोळ जुनाच. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर म्हणून मुंबईत आणि पुढं साताऱ्यात नोकरी केलेला सर्जन होता, त्यानं एकोणिसाव्या शतकात असल्या पायांचा अभ्यास केला आणि फंगसचा रोग म्हणून मांडला. पण त्यानं सुरुवात केली तेव्हा ग्रॅम स्टेनच नव्हता. आपल्याकडं आहे की.

रिपोर्टमध्ये मॅडमनी जे दिसलं तेवढंच लिहिलं, त्या लॅबबद्दल एक शब्द नाही. बरोबरच आहे म्हणा, पण मला पचलेलं नाही, निदान एक फोन तरी करायला पाहिजे होता. डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल आणि अमिकॅसिन ही बॅक्टेरियावरची औषधं चालू केलीत, अमिकॅसिन किडनीला त्रास देतं म्हणून मामा आता क्रिएटिनिनला येत असतात. तोंडं सुकायला लागलीत. परवा रक्त घेताना विचारलं, "आधीची गोळी कशाची हुती रं?" मी म्हणालो, फंगसची. "आन् मला फंगस कवा झालता?"

आता ह्याचं उत्तर मी द्यायचं?