तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फियाटमध्ये पेट्रोल कोणतं?

पंपावरचं. शंभर ऑक्टेनचं, महागातलं, पावती घेऊन भरलेलं. उत्तर एवढंच आहे आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. रेसची जुनी गाडी म्हटल्यावर लोकांना काहीतरी गुपित हवं असतं. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: "विमानाचं का नाही टाकत?" हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना माझ्या मेकॅनिकचं, अण्णांचं, प्रकरण माहीत असतं, तरी विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी साधं पेट्रोल का नाही, ते. आता पंपावर साधं म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं, ई-ट्वेंटी. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवतो, असे टोमणे मी ऐकलेत. नावं ठेवत नाही. उलट इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, म्हणजे इंजिनातल्या दाबाखाली अवेळी न पेटण्याची पेट्रोलची ताकद. ई-ट्वेंटीला किमान ९५ लागतं, पूर्वीचं साधं पेट्रोल ९१ होतं. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेसला कित्येक दशकं मेथॅनॉलवर, म्हणजे दुसऱ्या एका अल्कोहोलवर, गाड्या पळाल्या. अल्कोहोलशी रेसवाल्यांचं वैर कधीच नव्हतं. अडचण माझ्या गाडीची आहे. ती महिनोन्‌महिने उभी असते, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारू नका. जुने रबरी पाइप फुगतात, कार्ब्युरेटरच्या आत पांढरी बुरशी धरावी तसा थर बसतो. शिवाय पेट्रोलला हवा लागते वजनाने साधारण पावणेपंधरा पट, इथेनॉलला नऊ पट. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. माझ्या कार्ब्युरेटरला पितळेचा जेट आहे, म्हणजे पेट्रोल सोडणारं ठरावीक मापाचं भोक, त्याला काय कळणार? मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं.

पंपावरच्या पोराच्या शब्दावर मी जात नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसली मापाची नळी घरी आहे. दहा मिली पाणी, वर नव्वद मिली पेट्रोल, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं. ई-ट्वेंटीत खालचा थर पंचविशीच्या पुढे जातो. शंभर ऑक्टेनवाल्यात तो माझ्याकडे दहावरच राहिला. म्हणजे खरं सांगायचं तर मी ऑक्टेनचे पैसे मोजतच नाही, इथेनॉल नसण्याचे मोजतो. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये हे पेट्रोल आणलं तेव्हाच ते लिटरला १६० रुपये होतं. बायको हिशोब विचारते. तिला हे वाक्य दाखवू नका.

आता विमानाचं.

अण्णा नाना पेठेतले. माझी फियाट अकराशे, १०८९ सीसीची, त्यांनीच रेसला उभी केली. एका हिवाळ्यात त्यांनी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढलं, घासलं, चारही चेंबर सिरिंजने तेल भरून मोजले, पुन्हा घासले. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन हवा-पेट्रोल किती पट दाबतं ते, अकराला नेलं. दाब जास्त तितकं ऑक्टेन जास्त लागतं. मूळ गाडीला आठसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "अण्णा, हे कशावर चालणार?" त्यांनी कोपऱ्यातला कॅन दाखवला. आत निळं पेट्रोल. विमानाचं. कुठून आणलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते मोटारीत जाळायला विकलं जात नाही, हे मला ठाऊक होतं. मी उतरतो त्या वर्गात पंपावरचंच पेट्रोल चालतं आणि नमुना कधीही घेतात, हेही ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी बोललो ते यातल्या कशामुळेच नाही. अण्णांचा नातू, बारावीतला, कामाला हाताशी असायचा. त्याने त्याच कॅनमधलं पेट्रोल ताटलीत ओतलं, कार्ब्युरेटर धुतला आणि मग त्यातच हात धुवायला लागला. त्यात टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं विषारी संयुग, असतं. ते कातडीतून आत जातं. मी ताटली ओढून घेतली.

अण्णा शांतपणे म्हणाले, "अरे, मी जन्मभर पेट्रोलनेच हात धुतलेत. दोन हजार सालापर्यंत शिसं होतंच की पेट्रोलमध्ये. काय झालं मला?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. एका माणसाला काही झालं नाही म्हणजे काय सिद्ध झालं, हे त्यांच्याच गॅरेजमध्ये उभं राहून त्यांनाच कसं सांगणार?

मग ते म्हणाले, शिशाने व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांवर आपटून बसतात त्या कडा, टिकतात. ते खरंय. मी म्हटलं, अॅल्युमिनियमच्या हेडला सीट वेगळ्या बसवाव्याच लागतात, कडक धातूच्या बसवू, शिसं कशाला? त्यांनी ते ऐकलंच नाही. मी दुसरं हेड आणायचं म्हटलं, नऊ कॉम्प्रेशनचं, पंपावरच्या पेट्रोलचं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मग रेस कशाला? वरातीत फिरव गाडी."

त्यानंतर त्यांनी माझ्या गाडीला हात लावलेला नाही. मी दोनदा गेलो, चहा दिला, गाडीचा विषय काढू दिला नाही.

ऐन तिशीतला मी अण्णांच्या बाजूचा असतो, हेही कबूल करतो. तेव्हा माझं मत होतं की नियम रस्त्यावरच्या साध्या गाड्यांना, रेसच्या गाडीने जोरात पळावं एवढाच नियम. आजच्या मला तो तिशीतला म्हणतो, तू घाबरलास आणि घाबरल्याला तत्त्वाचं नाव दिलंस. असेल. मी त्याला विचारतो, मग तू हात धुतले असतेस का त्यात? तो म्हणतो, धुतले असते. आणि तो खोटं बोलत नाहीये.

साठवणीचं विचारता, तेही सांगतो. पेट्रोल तीस लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, त्याच्यावर परवाना लागतो. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जाताना मी त्या मर्यादेतच नेतो, प्लॅस्टिकच्या बाटल्यांत नाही. ऑक्टेन वाढवायला टोल्युइन, ते रंगवाल्यांचं द्रावक, मिसळू का, म्हणून विचारणाऱ्यांनी मला कृपया फोन करू नये.

परवा अण्णांच्या नातवाचा फोन आला. ई-ट्वेंटीला जेट किती मोठा घेऊ, कुणाच्या तरी प्रीमियर पद्मिनी गाडीसाठी. पाइप बदल, टाकी दर वेळी रिकामी कर आणि स्पार्क प्लगचा रंग बघत जेटचा एकेक नंबर वाढव, असं सांगितलं. मग तो म्हणाला, "काका, इथेनॉलने ऑक्टेन वाढतं ना? मग आजोबांचं हेड चालेल की." ते हेड माझ्याच कपाटात आहे. अकरा कॉम्प्रेशनला पंच्याण्णव ऑक्टेन पुरणार नाही, मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं तर? मी म्हटलं, मग ताकद कशाला वाढवली होती? तो म्हणाला, हेडखालचं पॅकिंग जाड टाकून कॉम्प्रेशन दहावर आणू. यावर मी अजून त्याला काही कळवलेलं नाही.