आईला सोसायटीतला पाळीव कुत्रा चावला, त्यानंतर काय काय करावं लागलं

आमच्या सोसायटीतला पाळलेला कुत्रा आईला चावला त्याला आता बरेच महिने झाले. जखम भरलीये, इंजेक्शनं पूर्ण झालीत, सोसायटीत नियमही झालाय, म्हणून सगळं एकदा सलग लिहून ठेवतोय, कारण त्या दिवशी जो तो वेगळंच सांगत होता आणि आधी काय करायचं, कुठे जायचं, कुणाकडे काय मागायचं हे एका जागी कुठेच मिळालं नाही.

झालं असं की आई सकाळी भाजी घेऊन वर यायला लिफ्टपाशी उभी होती, दार उघडलं आणि आतून तिसऱ्या मजल्यावरच्यांचा लॅब्रॅडोर सुसाट बाहेर आला. गळ्यात पट्टा होता पण साखळी मालकांनी हातात गुंडाळून घेतलेली, पट्ट्याला अडकवलेलीच नव्हती. आई दचकून मागे सरली, पिशवी पडली आणि त्याने पोटरी धरली. चार दातांच्या खुणा, त्यातल्या दोन चांगल्या खोल, रक्त चपलेपर्यंत आलेलं. आणि मालक म्हणतायत, "अहो आमचा कुणाला काही करत नाही, इंजेक्शनं झालीयेत त्याची, घाबरू नका."

पहिलं काम म्हणजे धुणं. आईला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, नळ सोडला आणि साबण लावून जखम धूत बसलो, मोबाईलवर १५ मिनिटांचा टायमर लावून. १५ मिनिटं फार वाटतात, पण पूर्ण धुवायचंच. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत जातो आणि त्याच्यावर जे स्निग्ध आवरण असतं ते साबणाने फुटतं, म्हणजे हा अर्धा उपचार घरातच होतो. शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या, कुणी चुना सांगितला, कुणी तिखट. मनात प्रेमच होतं त्यांच्या, पण यातलं काहीही लावू नका. धुवून झाल्यावर बीटाडीन लावायचं आणि जखम उघडी ठेवायची, घट्ट पट्टी नको, टाकेसुद्धा शक्यतो लगेच घालत नाहीत.

मग जवळच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले पाळीव आहे ना, मग दहा दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवा, काही झालं तर बघू. मला हे पटलं नाही. कुत्र्यावर लक्ष ठेवायचं हे बरोबर, पण लस त्याच दिवशी सुरू करून मग लक्ष ठेवायचं. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसायला लागली की उपचार जवळपास नाहीच, तिथे वाट कसली बघायची? तिथून तसाच रिक्षा करून आईला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे केसपेपर काढला. खिडकीवर 'कुत्रा चावला' एवढंच लिहून घेत होते, मी पाळीव की भटका, किती वाजता, कुठे, हे सगळं लिहायला लावलं. हा केसपेपर पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात, तो जपून ठेवा आणि फोटोही काढून ठेवा. आतल्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या, त्यांनी जखम बघून सांगितलं की ही कॅटेगरी तीन. कुत्र्याने नुसतं कुठे न फाटलेल्या कातडीवर चाटलं तर कॅटेगरी एक, लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा असेल तर दोन, लस लागते. दात कातडीच्या आत गेले किंवा आधीच्या जखमेवर त्याने चाटलं तर तीन, आणि तिथे नुसती लस पुरत नाही, इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कारण लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस लागतात, तोवर विषाणूला जखमेतच अडवायला तयार अँटिबॉडी द्यायच्या.

आणि हे इम्युनोग्लोब्युलिनच त्यांच्याकडे त्या दिवशी संपलेलं होतं. लस दिली, चिठ्ठी दिली, मोठ्या हॉस्पिटलला जा म्हणाले. गेलो. हे इंजेक्शन दंडात देऊन भागत नाही, ते जखमेच्या आत आणि भोवती द्यावं लागतं, डोस वजनावरून ठरतो. सिस्टर एकेका दाताच्या खुणेत बारीक सुई घालून थोडं थोडं औषध सोडत होत्या, खुणेच्या कडा पांढऱ्या पडून फुगत होत्या आणि आईने माझं मनगट असं धरलं होतं की नखं रुतली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण ती सिस्टरना "तुम्ही करा हो नीट" म्हणत होती. कुत्रा चावल्यापेक्षा हेच जास्त दुखलं असं ती अजून सांगते. पण हे टाळू नका, आणि पहिल्या दिवशी मिळालं नाही तर सोडूनही देऊ नका, लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. (आता त्याऐवजी मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडीचंही इंजेक्शन आहे, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचंच, तेही विचारून बघा.)

लसीचं वेळापत्रक सरकारी दवाखान्यात ०, ३, ७ आणि २८ असं असतं, दोन्ही दंडांवर कातडीत टोचतात. खाजगीत स्नायूत देतात, तिथे १४ वा दिवसही येतो. पहिला डोस घेतला तो शून्यावा दिवस. रविवार येवो नाहीतर सण, तारखा चुकवायच्या नाहीत. पोटात चौदा इंजेक्शनं ही कधीची गोष्ट झाली, त्या भीतीने कुणी घरी बसत असेल तर त्याला हे सांगा.

आता कुत्र्याचं. चावल्यापासून दहा दिवस तो जिवंत आणि ठणठणीत राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, म्हणून तो बांधलेला, डोळ्यासमोर हवा, गावी किंवा फार्महाऊसवर पाठवून द्यायचा नाही. मी मालकांना हे लेखी दिलं आणि त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या, लसीकरणाचं पुस्तक आणि महापालिकेचा परवाना. पुस्तकात रेबीजचा शेवटचा स्टिकर होता तो वर्ष उलटून गेलेला, आणि ही लस दरवर्षी द्यावी लागते. परवाना नव्हताच, असा काही असतो हेच त्यांना माहीत नव्हतं! महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात अर्ज दिल्यावर त्यांना नोटीस आली, मग लसही झाली आणि परवानाही.

पोलीस चौकीत पहिल्यांदा "अहो कुत्र्यावर काय केस करायची" असं झालं. केस कुत्र्यावर नाही, मालकाच्या निष्काळजीपणावर असते. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, आधी हेच आयपीसी २८९ होतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करून बोळवण करून घेऊ नका. वरळीच्या एका बिल्डिंगमध्ये २०१८ साली लिफ्टमध्येच हस्की चावला होता, त्याच्या मालकाला २०२५ मध्ये कोर्टाने चार महिन्यांची शिक्षा दिली. कलम नंबर सांगितल्यावर अर्ज घेतला, पोच दिली, मालकांना बोलावून जबाबही घेतला. पुढे आई म्हणाली कोर्ट नको, रोज तोंड बघायचंय, त्यांनी हमी लिहून दिली आणि औषधाचा खर्चही दिला. आईला चावलाय, तिचा निर्णय.

पण सोसायटीच्या मीटिंगला वेगळंच सुरू झालं. अर्ध्या लोकांना कुत्रेच बंद करायचे होते, किमान लिफ्ट तरी बंद. सगळ्यांना वाटलं मी जोरात पाठिंबा देणार. मी विरोध केला. एक तर असा ठराव टिकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रकच आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मुसक्याची सक्ती करता येत नाही. आणि दुसरं, मला मनापासून वाटतं की तो लॅब्रॅडोर वाईट नाही, दिवसभर बाल्कनीत एकटा कोंडलेला, सकाळी दार उघडलं की सुटतो बिचारा. साखळी अडकवली असती तर आईला तो चावलाही नसता. जात कुठली, आकार केवढा यावर भांडत बसलं की मालकाची साखळी बाजूला राहते.

बराच वाद झाला, शेवटी एवढं ठरलं: घराच्या दारातूनच साखळी अडकवायची, कुत्रा फिरवायला झेपेल असा मोठा माणूस हवा, लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर थांबायचं आणि दार उघडताना कुत्रा आपल्या मागे ठेवायचा, दरवर्षी लसीच्या पानाची आणि परवान्याची झेरॉक्स ऑफिसात द्यायची. यावर कुत्रेवाल्यांच्याही सह्या आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्यांची सगळ्यात आधी. झेरॉक्स गोळा करायचं काम मी घेतलंय, आमच्या विंगमधल्या आल्यात, बी विंगच्या दोन राहिल्यात, त्या आल्या की फाईल सेक्रेटरींकडे देणार.