राजदूत ३५०: एचटी की एलटी, हे मी कसं शोधलं

राजदूत ३५० ही जुनी मोटारसायकल विकणारा प्रत्येक माणूस तिला एचटीच म्हणतो, एलटी म्हणून विकणारा मला तरी अजून भेटलेला नाही. मी घेतली ती गाडी सोलापुरात होटगी रोडकडच्या एका शेडमधे कित्येक वर्षं उभी होती, इंजिन जाम, टाकीत गंज, सायलेन्सर कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचे, आणि आरसीवर साल १९८७. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यामाहाची आरडी ३५० बी एस्कॉर्ट्सने १९८३ पासून राजदूत ३५० नावानं इथं काढली. जपानची मूळ गाडी ३९ बीएचपी ताकदीची, आपल्याकडची पहिली ३०.५ ची ती एचटी म्हणजे हाय टॉर्क, आणि १९८५ नंतर मायलेजसाठी ताकद अजून दाबून २७ ची केली ती एलटी म्हणजे लो टॉर्क. वरून बघितलं तर दोन्ही सारख्याच, तेच ३४७ सीसीचं ट्विन इंजिन, सहा गिअर, पुढं तोच मोठा ड्रम ब्रेक.

मग १९८७ ची म्हणजे एलटी, विषय संपला असं कोणीपण म्हणेल. पण तसं नसतं. ही गाडी महाग होती, पेट्रोल प्यायची, त्यामुळं शोरूममधे पडून राहायची आणि पासिंग नंतर व्हायचं. माझ्या आरसीवरचं ते १९८७ म्हणजे पासिंगचं साल, गाडी बनली ते साल त्याच्या आधीचं असू शकतं. म्हणून मी साल बाजूला ठेवलं आणि आधी नंबर बघितले, आरसीवरचा, हँडलच्या मुंडीवरचा आणि इंजिनवरचा. जुळणं तर पाहिजेच, पण पंच कसा आहे तेपण बघा, अक्षरं वरखाली असली किंवा आजूबाजूला ग्राइंडर फिरल्यासारखं दिसलं तर ती गाडी सोडून द्यायची, कितीही स्वस्त मिळू दे. माझ्या गाडीचे नंबर चोख निघाले.

नंतर बोल्ट. हे मला अशोक चौकाकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं शिकवलं, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, तरुणपणी या गाड्या नवीन असताना त्यांनी खोललेल्या आहेत. ते म्हणाले, "इंजिन खोलायच्या आधी स्क्रू बघ बे, स्क्रू खोटं बोलत नाही." जपानी चौफुलीच्या स्क्रूच्या डोक्यावर एका बाजूला बारीक टिंब असतं, भिंगातून बघितल्यासारखं जवळ जाऊन बघावं लागतं, मळ खरवडून. त्याची खाचपण आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरला नीट बसत नाही, जोर लावला की डोकं खराब, म्हणून बऱ्याच गाड्यांचे हे स्क्रू काढून लोकांनी एलनकी बोल्ट मारलेले असतात. माझ्या क्लचच्या बाजूच्या कव्हरला टिंबवाले स्क्रू जवळजवळ सगळे शाबूत होते. बाकी काही बोल्टांच्या डोक्यावर नुसता ७ चा आकडा, तो जुना जपानी खुणेचा, आणि मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याकडं ८.८ आणि टीव्हीएस लिहिलेले, म्हणजे ते नंतर बदललेले. मीटर काढून खालची बाजू पुसली तर निप्पॉन डेन्सो, कार्बोरेटरवर मिकुनी जपान. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेला माल जास्त असायचा. हे सगळं बघून अण्णा खूश झाले, पण खात्री द्यायला तयार नाहीत, कारण मीटर आणि कार्बोरेटर कोणीपण कुठूनपण आणून बसवतो. खरं उत्तर ब्लॉकमधे, म्हणजे सिलेंडरमधे, म्हणाले.

ब्लॉक काढले. अण्णांनी एकेक करून एक्झॉस्टच्या पोर्टात, म्हणजे जळलेला गॅस बाहेर पडायच्या भोकात, बोट घातलं, डावा, मग उजवा, मग परत डावा, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तू घाल बघू, दोन्हीकडं सारखं लागतंय का?"

"नाही अण्णा. वरची किनार सारखी नाही लागत."

"मग. दोन्ही एका गाडीचे नाहीत हे."

टू स्ट्रोकमधे पोर्टची वरची किनार किती उंचीवर आहे त्यावरच जळलेला गॅस कधी सुटणार आणि ताकद किती आरपीएमला येणार हे ठरतं. दोन सिलेंडरमधे हे वेगळं म्हणजे दोन वेगळी इंजिनं एका क्रँकवर. अशी गाडी चालते, पण धड चालत नाही, एका प्लगचा रंग चॉकलेटी येतो आणि दुसऱ्याचा काळा, आणि लोक बिचारे कार्बोरेटर ट्यून करत बसतात.

पण लगेच निकाल लावला नाही, कारण पोर्ट फाईलनं घासून मोठे करायची खोड खूप मेस्त्रींना होती. म्हणून दोन्ही ब्लॉक घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. लूमचे पार्ट करणारे लेथवाले आपल्या सोलापुरात आहेत त्यांचा हात मापाला पक्का असतो. त्यांनी आधी ब्लॉकची पूर्ण उंची घेतली, कारण कोणी वरचा फेस घासला असेल तर वरून घेतलेलं पोर्टचं माप फसवं निघतं, आणि मग व्हर्निअरनं वरून आणि खालून दोन्हीकडून पोर्ट मोजला. उंची सारखी, पोर्ट वेगळे, फरक मिलिमीटरच्या वर. आत टॉर्च मारली तर ओतकामाचा खरखरीत पोत दोन्हीत तसाच, फाईलची एक रेघ नाही. पुण्यात एका ओळखीच्यांकडं खात्रीची एचटी आहे, त्यांनी त्यांच्या ब्लॉकचं माप पाठवलं, उजवा बरोबर जुळला. म्हणजे गाडी एचटीचीच, डावा ब्लॉक कधीतरी सीझ झाला असणार, म्हणजे आत पिस्टन जाम झाला असणार, आणि मिळाला तो एलटीचा बसवला. इंजिनला ऑइल पुरवणाऱ्या पंपचा पाईप काढून तोंड बंद केलेलं होतं, त्यामुळं सीझ का झाला असेल हेपण कळलं. पेट्रोलमधे ऑइल मिसळून चालवायचे लोक, एखाद्या दिवशी कमी पडलं की झालं.

एचटीचा डावा ब्लॉक मिळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. फोटोवर भरवसा ठेवायचा नाही, माप मागायचं, आणि विकणारा माप द्यायला टाळाटाळ करायला लागला की समजून जायचं. शेवटी कर्नाटकातून एक मिळाला, बोर बराच खाल्लेला होता. स्टँडर्ड बोर ६४ मिलिमीटर, त्यावर पाव पाव मिलिमीटरनं ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, तर उजवापण त्याच साइजला रिबोअर केला, दोन्ही बाजू एकच पाहिजेत. ऑइल पंप परत जोडला. पॉईंटचं टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी कधी पडायची ते, डायल गेज लावून दोन्ही सिलेंडरचं वेगवेगळं सेट केलं, आणि आता दोन्ही प्लग एकाच रंगाचे येतात.

सायलेन्सरचं काम मात्र राहिलंय. एलटीला पाईपच अरुंद केलेला, त्यामुळं एलटीचे मिळतात म्हणून लावले तर एचटी ब्लॉकचा काही उपयोग नाही. सध्या एचटीच्या मापानं बनवून घेतलेले आहेत, आवाज बरा आहे पण क्रोम कंपनीसारखा नाही. पुढं ५० वर्षं झाली की व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, तोपर्यंत ओरिजिनल जोडी शोधायचीच आहे. आणि तो एलटीचा ब्लॉक मी भंगारात घातलेला नाही. तोपण चांगला आहे, माप लिहून चिकटवून ठेवलंय, कोणाच्या एलटीला जोडी लागली तर देऊन टाकणार.