औषध नंतर, आधी खुरपं

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न दरवेळी तोच असतो: 'कुंपणाला मोरपंखी लावली, महिना-दीड महिना हिरवीगार होती, आता तांबूस पडतेय. कोणतं औषध मारू?' सोबत फोटो, तोही शेंड्याचा. बुंध्याचा फोटो आजवर कुणी पाठवलेला नाही.

मी उलट विचारतो, हुंडीत, म्हणजे रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, बोट घालून पाहिलंत का? 'पाणी तर रोज घालतो' हे उत्तर ठरलेलं. मीही रोजच घालत होतो. माझ्या ओळीतली चार झाडं तांबूस पडली तेव्हा आळ्यात चिखल होता. एक उपटलं, तर भोवतालची माती ओली आणि पिशवीतून आलेली हुंडी आतून ठणठणीत कोरडी. मुळं अजून तिच्या बाहेर पडलीच नव्हती. हुंडी एकदा कडक वाळली की पाणी पीत नाही; ते कडेकडेने खाली निघून जातं.

याच्या उलटही घडतं. हुंडी चिप्प ओली, मुळं काळी, मऊ, कुजका वास. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. वरून रंग दोन्हीकडे सारखाच. म्हणून फोटोवरून मी काही सांगत नाही.

त्यात ही झाडं मोठी लबाड. जास्वंद दुपारी मान टाकते, संध्याकाळपर्यंत आपल्याला कळतं. मोरपंखीची खवल्यांसारखी पानं कोमेजत नाहीत. आतून वाळल्यावरही काही आठवडे हिरवी दिसतात. आजचा तांबूसपणा मागच्या महिन्यातला असू शकतो.

फक्त आतली, खोडालगतची जुनी पानं वाळून शेंडे हिरवे असतील तर काही करू नका, ती झडायचीच. लाल कोळ्याची, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीची, शंका असेल तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर मग औषधाचं बोलू.

नखानं साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर निघालं तर जीव आहे. हुंडी कोरडी असेल तर बुंध्याशीच बारीक धारेनं पाणी सोडा, हुंडी आतपर्यंत भिजू द्या, मग वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती नुसती ओलसर राहीपर्यंत, थांबा. खत आत्ता अजिबात नको. पूर्ण वाळलेली फांदी मात्र कापाच. मोरपंखी जुन्या लाकडातून सहसा फुटत नाही.

माझ्या चारातलं एकच वाचलं. एका अंगानं बोडकं आहे, कुंपणात ते लगेच ओळखू येतं.