बाबांचा प्रश्न

"मग गोळ्या झाडल्या कोणी, जपान्यांनीच ना?" सासऱ्यांनी विचारलं आणि मी डब्यातलं थालीपीठ पुढे सरकवत विषय टाळला.

चांगी बीचवर होतो. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान, पोरं वाळूत. बाबा सांगलीहून पहिल्यांदाच सिंगापूरला आलेत आणि पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, तर मीच हौसेने सांगत बसले. सप्टेंबर १९४२. पळून सापडलेले चार युद्धकैदी, दोन ऑस्ट्रेलियन, दोन ब्रिटिश, इथे चांगीच्याच किनाऱ्यावर मारले. बाकीच्यांना म्हणे पळणार नाही असं लिहून द्या, ते नाही म्हणाले तर १५ हजारांहून जास्त माणसं सेलारंग बराकीत कोंबली. पाण्याला रांगा, अंगणात संडासाचे खड्डे. आजार पसरायला लागला तेव्हा सह्या केल्या, पण काही ऑस्ट्रेलियनांनी चक्क नेड केली म्हणून सही ठोकली, म्हणजे त्यांच्याकडचा नामांकित दरोडेखोर! यावर बाबा खूप हसले.

आणि मग तो प्रश्न.

झाडणारे आपले होते. भारतीय पहारेकरी, आझाद हिंद सेनेत गेलेले. फेब्रुवारीत तेही ब्रिटिश फौजेतच होते आणि याच जपान्यांपुढे शरण आलेले. हुकूम देणारा जनरल फुकुये, त्याला १९४६ ला गोळ्या घातल्या.

बाबांच्या खोलीत नेताजींचा फोटो आहे, रोज हार असतो.

रात्री सांगितलं शेवटी. बराच वेळ गप्प, मग एवढंच, "त्यांना नाही म्हणता आलं असतं का गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?