भिंतीने केलेला साबण

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालावर फेस तसाच. "मामा, भिंतीचा रंग वितळायला लागलाय," तो म्हणाला. मी म्हटलं, रंग वितळत नसतो बाबा, फार तर पोपडे धरतो. "तुम्ही या आणि हात लावून बघा," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

कराडच्या अलीकडे, पुणे-बंगळुरू महामार्गाच्या सर्व्हिस रोडला त्याचं वॉशिंग सेंटर आहे. तीन गाळे, मागे बोअर, वर दोन टाक्या. दोन गाळ्यांत पोरं गाड्या धुतात. तिसरा 'सेल्फ'चा. काउंटरवर टोकन घ्यायचं, भिंतीवरच्या पेटीत टाकायचं, की सहा मिनिटं गन तुमच्या हातात. आधी पाणी, मग फोम, मग पुन्हा पाणी. या तिसऱ्या गाळ्याचं खापर थोडं माझ्या डोक्यावर आहे. मागे मुलीकडे ओहायोला गेलो होतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात आणि तेच मीठ मग गाडीचा पत्रा खातं. त्यामुळे जरा ऊन पडलं की अख्खं गाव गाड्या घेऊन धुवायला हजर. जावयाने मशीनमध्ये पाव डॉलरची नाणी टाकली आणि गन माझ्या हातात दिली. सासऱ्यांना काहीतरी उद्योग असावा म्हणून असेल. मी गाडी कमी आणि गाळाच जास्त बघत होतो. भिंती आतून पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटांनी मढवलेल्या, शीटांवर घामोळं उठल्यासारखे बारीक दाणे, आणि ट्यूबच्या उजेडात सगळं ऑपरेशन थिएटरसारखं लख्ख. परत आल्यावर हे मी भाच्याला जरा जास्तच रंगवून सांगितलं असणार.

तर गेलो. जुलै महिना, पावसाची रिपरिप. तिसऱ्या गाळ्याच्या भिंतीला हात लावला. बोटाला चिकट लागली. ओल्या तळव्याने चोळली तर बुळबुळीत. पत्र्याची पट्टी फिरवली तर लोण्यासारखा मऊ आकाशी थर पट्टीवर आला. अजून थोडा चोळला असता आणि फेस आला असता, तरी मला नवल वाटलं नसतं.

"गिलावा झाल्यावर किती दिवसांनी रंग दिलास?"

"बारा. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायचा होता ना."

"आणि रंग कुठला?"

"ऑइल पेंट. दोन हात. पुसायला बरा पडतो म्हणून."

मला हसू आलं आणि ते त्याला लागलं. पैसे त्याचे गेले होते, हसणं बरोबर नव्हतं. पण तेहतीस वर्षं आठवी ते दहावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे दृश्य आयुष्यात एकदाच मिळतं. ताजा सिमेंटचा गिलावा चांगलाच अल्कधर्मी असतो; गवंड्याचे हात का फुटतात, तर त्यामुळेच. हा अल्क मुरून मंदावायला वेळ लागतो. गिलाव्याला निदान महिनाभर तरी कुठलाही रंग लावू नये म्हणतात, आणि ऑइल पेंटला तर त्याहून जास्त थांबावं लागतं. ऑइल पेंटच्या नावातच तेल आहे. तेल, अल्क आणि वर पाणी. प्रयोगशाळेत आम्ही खोबरेल आणि कॉस्टिक सोडा घेऊन, वर्गात घाण वास करून जे बनवायचो, तेच या भिंतीने अडीच महिन्यांत बिनबोभाट बनवलं होतं.

"अरे, तुझ्या भिंतीने साबण केलाय," मी म्हटलं.

तो काही क्षण गप्प. मग म्हणाला, "आणि मी शांपू विकत आणतोय."

तेल-चरबीचा साबण होताना आत नेमकं काय घडतं, हे ज्याने उलगडलं त्या फ्रेंच माणसाची गोष्ट मी त्याला तिथेच, छत्री धरून सांगितली. मिशेल शेव्रल. 1823 मध्ये त्याचं चरबीवरचं संशोधन छापून आलं. भाचा म्हणाला, "शेवरोले? ती कंपनी गेली की मामा भारतातून." गेली खरी, 2017 मध्ये. पण हा शेव्रल वेगळा. तो 102 वर्षं जगला, आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी, 1889 मध्ये गेला, आणि टॉवरवर ज्या 72 जणांची नावं कोरली आहेत त्यांत त्याचंही आहे. भाच्याला टॉवरचं काही नव्हतं. त्याचा प्रश्न साधा होता: आता भिंतीला काय लावू?

पुढचा महिनाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

पहिला आला पॅनेलवाला. बॅगेतून पीव्हीसीचे तुकडे काढून टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले. संगमरवर, सागवान, एकावर तर चक्क बांबू. "पाण्याने काही होत नाही सर. लाइफटाइम आहे." "कुणाचं?" भाच्याने विचारलं. पॅनेलला पाण्याने काही होत नाही हे खरंच; पण पॅनेल म्हणजे काही भिंत नव्हे, दोन पॅनेलच्या मध्ये सांधा असतो, स्क्रूला भोक असतं, वर बीडिंगची पट्टी असते. पंपाचा दाब शंभर बारच्या आसपास, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर किलो. ते पाणी दार ठोठावून आत येत नाही. एकदा पॅनेलच्या मागे गेलं की बाहेर पडायला वाट नाही, आणि मग ओल, काळोख, ऊब अशी सगळी सोय बघून झुरळं सहकुटुंब राहायला येतात. ओहायोतल्या शीटा टिकतात, कारण त्या सांध्यांत मसाला भरून, कडा बंद करून बसवलेल्या असतात. आपल्याकडचा कारागीर वाईट नसतो, पण "साहेब, मागचं कोण बघतंय" या वाक्यावर त्याची फार श्रद्धा असते.

माझं स्वतःचं मन सिमेंट पेंटवर गेलं होतं. पुडीतली पावडर पाण्यात कालवून लावायची आणि लावल्यावर, गिलाव्याला मारतात तसं, वरून पाणी मारायचं. ज्या रंगाला जगवायला पाणी लागतं तो वॉशिंग सेंटरला नाही तर कुठे शोभणार? एका कोपऱ्यात लावून बघितला. चार दिवस भाच्याने भक्तिभावाने पाणी मारलं. पाचव्या दिवशी वीतभर अंतरावरून गन चालवून त्याने त्यावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरून दाखवलं. मी विषय बदलला.

इपॉक्सी पेंट म्हणजे दोन डब्यांचं काम. रंग आणि हार्डनर मोजून कालवायचे आणि डब्यातच घट्ट व्हायच्या आत संपवायचे. बसला की दगड. पण तो कोरड्या भिंतीवर बसतो. भिंतीत पाणी असलं तर ते मागून ढकलत राहतं आणि हा दगड फुग्यासारखा सुटतो. शिवाय उन्हात पिवळा पडतो. आमच्या भिंतीत तर जोत्यापासून गुडघ्यापर्यंत ओल चढलेली, आणि बोअरच्या क्षारांनी तिच्यावर लोणा धरलेला, हात लावला की पीठ गळावं तसा.

शेवटी टाइल ठरली. जमिनीपासून पाच फुटांपर्यंत, कारण चाकाखालचा चिखल गाडीच्या काचेच्या वर सहसा उडत नाही. हे मी खुर्ची टाकून दोन दुपार बघितलं आहे. त्याच्या वर पाण्यातला बाहेरचा रंग, रंगाखाली अल्क सोसणारा प्रायमर, आणि भिंत पुरती वाळल्यावर.

पण रंग कुठला? इथे शेव्रल दुसऱ्यांदा आला.

साबणाचा हा माणूस पुढे पॅरिसमधल्या गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्राच्या सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. शेव्रलने काळी लोकर तपासली. तीत काही खोट नव्हती. खोट होती शेजाऱ्यात. शेजारचा रंग आपल्या उलट्या रंगाची छटा काळ्यावर टाकत होता. यावर त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1839 मध्ये ते छापले. वॉशिंग सेंटरचे दोन्ही प्रश्न, साबण आणि रंग, एकाच माणसाने सोडवून ठेवले आहेत आणि त्याला कुणी एक चारचाकी दाखवली नव्हती.

भाच्याला पुन्हा आकाशी हवा होता. "पाणी म्हटलं की निळं." मी म्हटलं, तुझी निम्मी गिऱ्हाइकं पांढऱ्या गाड्यांची, चल बघू. प्लायचे तीन तुकडे रंगवले: पांढरा, निळा, राखाडी. माझी पांढरी गाडी, बारा वर्षांची, नुकती धुतलेली, मध्ये उभी केली आणि तिच्यामागे एकेक तुकडा धरला. पांढऱ्यापुढे गाडी सरळ मळकी दिसायला लागली. नवा पांढरा जुन्या पांढऱ्याची अब्रू घेतो. निळ्यापुढे बरी वाटेल असं मला वाटलं होतं, तर तिला पिवळसर झाक आली. हीच तर गंमत. नीळ धोतरात टाकली की पिवळेपणा मारते, आणि धोतराच्या शेजारी ठेवली की पिवळेपणा आणते. राखाडीपुढे मात्र माझी म्हातारी गाडी अशी उजळली की मीच क्षणभर कौतुकाने बघत राहिलो. गडद राखाडी अजून खुलवेल असं वाटून तोही करून बघितला, पण त्यावर बोअरचं पाणी वाळून पांढरे ठिपके राहिले. म्हणून टाइल फिकट राखाडी. वर पांढरा, उजेड खाऊ नये म्हणून.

पेंटर, तोच अक्षय्य तृतीयेवाला, हे सगळं तंबाखू मळत बघत होता. त्याने राखाडीचा तुकडा उचलला, बाजूच्या न रंगवलेल्या गिलाव्याला लावून धरला, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"सर, ह्यो तर सिमिटाचाच कलर हाय की."

आम्ही दोघं गप्प.

"मंग महिनाभर चाललंय काय?"

याला उत्तर नव्हतं. टाइल आली मोरबीची, सेकंडचा माल, एका बाजूला केसभर वाकलेली, पण झिलई चांगली. सांधे इपॉक्सी ग्राउटने भरले. त्याच्या किमतीवरून भाचा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला.

खंडेनवमीच्या दिवशी मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो. पहाटेपासून सर्व्हिस रोडला रांग. जीप, टेम्पो, दुधाच्या गाड्या, जेसीबीसुद्धा. एरवी जो माणूस गाडी पोरांच्या हवाली करून चहाला जातो, तो या दिवशी 'सेल्फ'ला उभा राहतो. गाडी आज स्वतःच्या हाताने धुवायची. एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. मागे नातू. त्याने चाकांच्या खाचांतली माती एकेक करून काढली, बॉनेटवर उलट्या तळव्याने हात फिरवला, मग ट्रॅक्टर दोन पावलं मागून बघितला. पेटीवरच्या आकड्यात अजून चाळीस सेकंद उरली होती. पैसे दिलेलं पाणी. त्याने इकडे तिकडे बघितलं, आणि गन नातवाच्या हातात देऊन म्हणाला, "मार त्या भिताडावर."

पोराने भिंत धुतली. खालपासून पाच फूट, मग हात पुरत नव्हता म्हणून आजोबांनी त्याला कडेवर घेतला आणि वरचा पांढराही धुतला. चिखल उतरला. भाचा काउंटरवरून मान लांब करून एकाच गोष्टीकडे बघत होता: ग्राउट.